‘लेकराला रगत पोचंना’: वाढ खुंटलेल्या बाळाचं डॉपलर, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकड्यावर जागा नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात, मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, आणि सातव्या महिन्यातली बाई ‘एकदाच नीट बघून द्या मॅडम, तिकडं कुणी बघत नाही’ म्हणत टेबलावर चढते. पोटावर हात ठेवला की कळतं, गर्भाशय महिन्यांच्या मानाने लहान आहे. नव्या डॉक्टरचा हात इथे आपोआप डॉपलरच्या, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या, बटणाकडे जातो. माझाही जायचा.

स्त्रीरोग किंवा क्ष-किरण विभागात नुकतेच रुजू झालेल्यांसाठी आणि उपजिल्हा रुग्णालयात एकट्याने मशीन सांभाळायची वेळ आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. डॉपलरच्या आधी दोन प्रश्न असतात. त्यांची उत्तरं चुकली, तर पुढचा आलेख कितीही देखणा आला तरी निष्कर्ष चुकतो.

आधी तारीख

बाळ लहान आहे असं म्हणायचं तर किती दिवसांचं आहे ते पक्कं हवं. आपल्याकडे पाळीची तारीख आकड्यात क्वचित मिळते. ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी’, ‘नागपंचमीला माहेरी होते तेव्हा’ अशी मिळते, आणि ती पुष्कळदा बरीच अचूक असते. भिंतीवरचं कालनिर्णय उघडून तारीख काढा. सण आठवत नसेल तर सोयाबीनची काढणी विचारा.

पण सगळ्यात भरवशाची तारीख पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची. १४ आठवड्यांच्या आत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली असेल, तर चूक पाच-सात दिवसांपलीकडे जात नाही. तो जुना कागद मागाच. पिशवीत नसेल तर घरी असतो, घरी नसेल तर आशाताईंच्या वहीत निदान पहिल्या नोंदणीचा महिना सापडतो.

तिसऱ्या तिमाहीतल्या मापांवरून मात्र तारीख ठरवू नका. त्या वेळचा अंदाज तीन आठवड्यांनीही हुकू शकतो. त्याहून वाईट म्हणजे वाढ खुंटलेलं बाळ मशीनला फक्त ‘लहान वयाचं’ दिसतं. ३३ आठवड्यांचं बाळ ३० चं ठरवलं की सगळी मापं नॉर्मल येतात आणि आजार कागदावरून गायब होतो. एकदा पक्की झालेली तारीख पुढच्या कुठल्याच सोनोग्राफीने बदलायची नाही.

मग वाढ

डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून मशीन वजनाचा अंदाज देतं. तो १० ते १५ टक्के इकडेतिकडे होतो, हे लक्षात असू द्या. वजन दहाव्या सेंटाइलच्या खाली गेलं, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात लहान दहांत बसलं, तर बाळ ‘लहान’ म्हणायचं. लहान असणं आणि वाढ खुंटणं यांत फरक आहे. आई स्वतः चार फूट आठ इंच असेल, बाळ आपल्या रेषेवर नेटाने चाललं असेल आणि रक्तप्रवाह चांगला असेल, तर ते घराण्यावर गेलेलं बाळ आहे.

२०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून व्याख्या ठरवली, ती कामाची आहे. ३२ आठवड्यांच्या आत किंवा नंतर, पोटाचा घेर किंवा वजन तिसऱ्या सेंटाइलच्या खाली असेल तर तेवढ्यावर वाढ खुंटली म्हणता येतं. तीन ते दहाच्या मधल्या बाळांसाठी आणखी पुरावा लागतो. ३२ आठवड्यांच्या आधी तो नाळेच्या किंवा गर्भाशयाच्या धमनीच्या डॉपलरमधून येतो. त्यानंतर तो मेंदू आणि नाळ यांच्या गुणोत्तरातून, नाळेच्या वाढलेल्या पीआयमधून (पल्सॅटिलिटी इंडेक्स, रक्ताला होणारा विरोध दाखवणारा आकडा) किंवा रेषा सोडून खाली घसरलेल्या वाढीतून येतो. वाढीची दोन मापं किमान दोन, शक्यतो तीन आठवड्यांच्या अंतराने घ्या. ‘पुढच्या आठवड्यात परत वजन बघू’ याला अर्थ नाही, कारण एका आठवड्याची वाढ मशीनच्या चुकीत हरवते. डॉपलर आठवड्याला करता येतं, वजन नाही.

डॉपलर नेमकं काय सांगतं

क्रिस्टियन डॉपलरने १८४२ साली जोडताऱ्यांच्या रंगाबद्दल एक निबंध मांडला. नाळेतला रक्तप्रवाह या पद्धतीने ऐकल्याचं डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी १९७७ मध्ये छापलं. तत्त्व एकच. हलत्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनीची वारंवारता बदलते आणि त्या फरकातून वेग कळतो.

आता मोसंबीच्या बागेतलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. बोअरचं पाणी क्षाराचं, दोन-तीन वर्षांत ड्रीपर बुजायला लागतात. दहा-वीस बुजले तर काही कळत नाही. निम्मे बुजले की मोटार तीच, पाणी तेच, पण मुख्य नळीतला दाब चढतो आणि शेवटची झाडं सुकतात. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच होतं. बाळाचं हृदय ही मोटार आणि नाळेच्या धमन्या ही मुख्य नळी. साधारण एक तृतीयांश जाळं निकामी झाल्यावर कुठे नाळेचा आकडा वर सरकतो. दोन ठोक्यांमधला प्रवाह पूर्ण थांबायला ६० ते ७० टक्के जाळं जावं लागतं. म्हणून नाळेचा बिघडलेला आलेख ही सुरुवात कधीच नसते.

ठोक्याच्या वेळी आलेख उंच जातो, तो सिस्टोल. दोन ठोक्यांमधला उतार म्हणजे डायास्टोल. निरोगी वारेत डायास्टोलमध्येही रक्त पुढे वाहत राहतं, आणि दिवस भरत जातात तसं अधिकच वाहतं. या दोन उंचींमधल्या फरकाला सरासरी वेगाने भागलं की पीआय मिळतो. एस-डी (सिस्टोल भागिले डायास्टोल) गुणोत्तर आणि आरआय (रेझिस्टन्स इंडेक्स) हेही चालतात, पण डायास्टोल शून्यावर आला की एस-डी अनंतात जातो आणि आरआय एकवर अडकतो. तिथून पुढे बोलतो तो फक्त पीआय. सवय त्याचीच लावा. आकडा नेहमी त्या आठवड्याच्या तक्त्यावर बसवून वाचा. विसाव्या आठवड्याला चालणारा पीआय छत्तिसाव्याला चालत नाही.

नाळेची धमनी: इथे वेळ द्या

बाईला किंचित डाव्या कुशीवर घ्या. पूर्ण उताणं झोपवलं तर मोठी शीर दबते, तिला गरगरतं आणि बाळाचे ठोकेही बदलतात. बाळ श्वासासारखी हालचाल करत असेल किंवा हातपाय हलवत असेल तर थांबा. घाईत घेतलेल्या आलेखात प्रत्येक लाट वेगळ्या उंचीची येते आणि मशीन त्याचीही सरासरी काढून एक आकडा देतं. त्या आकड्याची किंमत शून्य.

पाण्यात तरंगणारं नाळेचं मोकळं वेटोळं शोधा. बाळाच्या बेंबीजवळ विरोध सगळ्यात जास्त असतो, वारेच्या टोकाला सगळ्यात कमी. म्हणून मधला भाग. कलर लावा आणि नाळ शक्य तितकी बीमच्या दिशेने आणा. कोन ३० अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. गुणोत्तरं कोनावर अवलंबून नसतात हे खरं, पण कोन नव्वदीकडे गेला की लाटच फिकी पडते आणि डायास्टोल हरवल्यासारखा दिसतो. आलेख पडद्याचा तीन चतुर्थांश भाग भरेल असा स्केल लावा, आणि चार ते सहा सारख्या लाटा दिसल्यावरच गोठवा.

आणि वॉल फिल्टर, म्हणजे मंद प्रवाहाचे संकेत गाळून टाकणारी मशीनची सेटिंग. तो ५० ते ६० हर्ट्झच्या वर नको.

हे अधोरेखित करायला कारण आहे. तालुक्याच्या ठिकाणी नवीन असताना ३१ आठवड्यांच्या एका बाईची नाळ मी बाळाच्या बेंबीजवळच पकडली, कारण तिथे ती सहज सापडली. फिल्टर आधी कुणीतरी चढवून ठेवलेला, मी तिकडे पाहिलंही नाही. पडद्यावर डायास्टोलमध्ये काळं. ‘प्रवाह नाही’ असं रिपोर्टात लिहून रात्री अकराला बाईला १०८ मधून मोठ्या गावाला पाठवलं. सोबत सासू, सासूच्या कडेवर तीन वर्षांचं थोरलं पोर. सकाळी तिथल्या सीनियरांनी मोकळ्या वेटोळ्यावर फिल्टर खाली आणून बघितलं. प्रवाह होता, पीआय किंचित जास्त, एवढंच. फोनवर ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘फिल्टर कितीवर होता?’ मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून डायास्टोल गायब दिसला की मी तीन गोष्टी करते. फिल्टर खाली, कोन बदल, दुसरं वेटोळं. शक्य असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा. यानंतरही काळंच दिसलं तर ते खरं. डायास्टोल रेषेच्या खाली उलटा गेला तर मात्र फार वेळ घालवू नका. खोटा उलटा प्रवाह सहसा दिसत नाही.

मेंदूची धमनी: टँकर आधी कुणाला

दुष्काळात गावाला टँकर आला की आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरं. ऊस आणि बाग यांना कुणी विचारत नाही. ऑक्सिजन कमी पडलेलं बाळही हेच करतं. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी यांच्या वाटा मोकळ्या करतं; आतडी, मूत्रपिंडं, हातपाय यांची चिमटी घेतं. मूत्र कमी झालं की पाणी कमी होतं. म्हणून डॉपलरसोबत पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा मोजायचाच. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणी कमी.

मेंदूच्या मधल्या धमनीसाठी डोक्याचा आडवा छेद घ्या आणि कवटीच्या तळाकडे या. कलर लावला की रक्तवाहिन्यांचं कडं दिसतं. त्यातून तुमच्याकडे येणारी धमनी घ्या आणि तिच्या उगमाजवळच्या पहिल्या तृतीयांशात नमुन्याची खिडकी (मशीन जिथला प्रवाह मोजतं ती चौकट) ठेवा. कोन शून्याच्या जवळ. प्रोबने डोकं दाबू नका. दाबलं की आकडे बदलतात, आणि पोट सैल असलेल्या बाईत दाब आपल्या लक्षातही येत नाही.

इथे वाचन उलटं आहे. नाळेत पीआय वाढणं वाईट, मेंदूत घटणं वाईट. मेंदूच्या पीआयला नाळेच्या पीआयने भागलं की सीपीआर मिळतो. तो एकच्या खाली किंवा त्या आठवड्याच्या पाचव्या सेंटाइलच्या खाली गेला तर बाळ मेंदू वाचवायच्या मागे लागलंय असं समजा.

नवीन डॉक्टर सगळ्यात जास्त फसतात ते इथे. ३२–३४ आठवड्यांपुढे वाढ खुंटलेल्या बऱ्याच बाळांची नाळ अगदी नॉर्मल असते. वारेचं नुकसान नाळेत दिसण्याइतकं नसतं, पण मोठ्या बाळाची गरज भागत नाही. ‘नाळेचं डॉपलर नॉर्मल, बाळ ठीक’ असं ३६ व्या आठवड्याला लिहून देणं धोक्याचं आहे. तिथे सीपीआर हवाच.

डक्टस व्हेनोसस आणि गर्भाशयाच्या धमन्या

डक्टस ही यकृताजवळची अरुंद वाट. नाळेतलं शुद्ध रक्त तिच्यातून थेट हृदयाकडे धावतं. वाट अरुंद म्हणून वेग जास्त, आणि कलरमध्ये तिथे रंग फुटलेले दिसतात. तीच खूण. नमुन्याची खिडकी लहान ठेवा, नाहीतर शेजारच्या यकृताच्या शिरेचा आलेख मिसळतो आणि भलतंच भय निर्माण होतं. लाटेला दोन शिखरं असतात आणि मग एक खाच, ती ए-लाट. ही खाच शून्यावर किंवा खाली गेली तर बाळाचं हृदय थकलंय. युरोपातल्या ‘ट्रफल’ या मोठ्या अभ्यासाने २६ ते ३२ आठवड्यांच्या बाळांत प्रसूती कधी करायची हे ठरवताना डक्टस आणि संगणकावर वाचलेली बाळाच्या ठोक्यांची पट्टी (सीटीजी) या दोन्हींकडे बघायला शिकवलं. पहिले सहा महिने डक्टसचा रिपोर्ट एकट्याने देऊ नका.

गर्भाशयाच्या धमन्या आईच्या बाजूच्या. दोन्ही बाजूंचा सरासरी पीआय जास्त असेल तर बीपी वाढण्याचा आणि वाढ खुंटण्याचा धोका जास्त. त्यांचा खरा उपयोग पहिल्या तिमाहीतल्या तपासणीत आहे. तेव्हा धोका कळला तर १६ आठवड्यांच्या आत रात्रीची १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू करता येते. आठव्या महिन्यात त्या मोजून उपचार फारसा बदलत नाही.

आकडा हातात आला, आता काय

प्रत्येक विभागाची आपली पद्धत असते, ती आधी विचारून घ्या. ढोबळ चौकट अशी. बाळ लहान पण सगळे प्रवाह चांगले असतील तर दोन आठवड्यांनी डॉपलर, आणि प्रसूती ३८–३९ आठवड्यांना. वजन तिसऱ्या सेंटाइलच्या खाली, नाळेचा पीआय जास्त किंवा सीपीआर कमी असेल तर आठवड्याला डॉपलर आणि ३७ च्या सुमारास प्रसूती. डायास्टोल शून्य असेल तर भरती, दोन-तीन दिवसांनी डॉपलर, आणि साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत प्रसूती. उलटा असेल तर रोज लक्ष आणि ३० ते ३२. डक्टसची ए-लाट गेली असेल तर निर्णय तासांवर येतो. या सगळ्यात ठोक्यांची पट्टी आणि आईचं बीपी सोबत असतातच. बीपी भडकलं तर डॉपलर चांगलं असूनही वेळ संपू शकते.

या चौकटीत पुस्तकं एक गोष्ट धरत नाहीत, ती म्हणजे रस्ता. शून्य डायास्टोलचं ३१ आठवड्यांचं बाळ अतिदक्षता कक्ष नसलेल्या ठिकाणी बघत बसणं म्हणजे पुढे उलट्या डायास्टोलसह रात्री दोन वाजता रवाना करणं. म्हणून प्रवाह बिघडायला लागला तेव्हाच अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), जे जवळ असेल तिकडे आईच्या पोटातच बाळ पाठवा. जन्मलेलं सव्वा किलोचं बाळ गाडीत नेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. निघण्याआधी फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन सुरू करा. ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस. पहिला इथेच द्या आणि वेळ कागदावर लिहा. स्टेरॉइडनंतर एक-दोन दिवस नाळेत डायास्टोल परत आल्यासारखा दिसू शकतो. तो तात्पुरता असतो. त्यावर विसंबून बाईला घरी सोडू नका.

उलट चूकही होते. धोका नसलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं ‘कलर सोनोग्राफी’ म्हणून डॉपलर करायची आपल्याकडे फॅशन आहे. जोखमीच्या गरोदरपणात नाळेच्या डॉपलरने बाळांचे मृत्यू कमी होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. सरसकट केल्याने तसा फायदा दिसलेला नाही. वाढते ती फक्त बिलाची रक्कम.

फॉर्म एफ

प्रोब ठेवण्याआधी फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याखालचा सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, पूर्ण भरा. डॉपलर हीसुद्धा सोनोग्राफीच. कायद्याच्या कारणांच्या यादीत त्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. त्यामुळे इथे कागद काटेकोर तपासले जातात आणि तपासले जायलाच हवेत. दर पंधरवड्याला येणाऱ्या बाईची प्रत्येक वेळी नवी नोंद करा. घरचे लोक ‘बाळ लहान हाय म्हंजी मुलगीच का?’ असं आडून विचारतात. या प्रश्नाला हसूनही उत्तर देऊ नका.

बाईला सांगताना

मागच्या हंगामात एकीने टेबलावरूनच विचारलं, ‘लेकराला रगत पोचंना म्हणायलेत. मी कमी खाल्लं का?’ दारात उभ्या सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘सांगून सांगून थकले, खात न्हाई.’ पुढच्या दोन मिनिटांत तुम्ही काय बोलता त्यावर त्या घरातले पुढचे दोन महिने ठरतात. मी सासूबाईंना आत बोलावलं, पडद्यावरची लाट दाखवली आणि ठिबकचंच सांगितलं. ‘मोटार चांगली आहे. नळ्या बुजायला लागल्यात. हिच्या ताटाचा यात दोष नाही.’ सासूबाईंनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘मग अ‍ॅसिड सोडायचं औषध न्हाई का याला?’ नाही, असं औषध नाही. आठवड्याला यायचं, बाळ कमी हलल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी यायचं, तंबाखू-मिश्री बंद.

रिपोर्टात नुसते आकडे टाकू नका. तारीख कशावरून धरली, वजन कितव्या सेंटाइलला, प्रत्येक धमनीचा पीआय आणि त्याचा सेंटाइल, डायास्टोल आहे की शून्य की उलटा, पाणी किती, आणि शेवटी पुढची तपासणी कधी, हे सगळं लिहा. पुढच्या तारखेसमोर वारही लिहा. बाजाराचा वार निवडला तर बाई हमखास येते.

टोळीबरोबर जाणारीला शक्यतो थांबवा. थांबणार नसेल तर कोणत्या कारखान्यावर जाणार ते विचारून घ्या आणि त्या तालुक्यातलं सरकारी रुग्णालय शोधून त्याचं नाव चिठ्ठीवर मराठीत घाला. पहिल्या तिमाहीचा कागद आणि आजच्या आलेखाची प्रत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून ती तिच्याच हातात द्या. मुकादमाच्या किंवा नवऱ्याच्या नको. ते ट्रॅक्टरवर पुढे गेलेले असतात आणि कळा सुरू होतात तेव्हा पिशवी दुसऱ्याच फडात असते.